होळचे होळकर आणि चांदवडचा चांदवडकर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना आधीच सांगितले की, मी पदवीधर नाही. दहावीच्या गणिताने मला अडवले ते कायमचेच. त्यानंतरचे माझे शिक्षण झाले ते कारखान्यांच्या दारात, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलापाशी. चालक म्हणाले, "मग तुम्ही कामगार चळवळीवरच बोला." मी म्हणालो, "चळवळीवर मी वर्षभर बोलतोच. त्यावर ऐकणारेही आता कंटाळले असतील. या खेपेस मला आडनावावर बोलू द्या." त्यांना नवल वाटले. कदाचित आपल्यालाही वाटत असेल. कामगारांचा माणूस आणि आडनावांचा खटाटोप, यांचा मेळ कसा बसावा?

मेळ असा आहे. संघटनेच्या माणसाचे निम्मे आयुष्य याद्या वाचण्यात जाते. सभासदांची यादी, हजेरीपट, पगारपत्रक, वर्गणीची पावतीपुस्तके. या प्रत्येक कागदावर पहिल्या रकान्यात माणसाचे नाव असते आणि नावाच्या शेवटी आडनाव. तीस वर्षे ती आडनावे वाचता वाचता मला त्यांचा नाद लागला. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या पंडिताने आपल्या व्यक्तिनामांच्या आणि आडनावांच्या व्युत्पत्ती शोधण्यात किती कष्ट घेतले, हे पुढे वाचले तेव्हा आपला नाद अगदीच वेडेपणाचा नाही असा धीर आला. मी आज जे सांगणार आहे ते मात्र पंडिताचे नव्हे. हजेरीपटावरून जे शिकलो तेवढेच.

प्रथम एक हकीकत सांगतो. ती माझ्या अनुभवातली आहे. ज्याची आहे तो हयात नाही, आणि त्याचे खरे आडनाव या सभेतल्या पुष्कळ घरांत असल्यामुळे ते मी सांगत नाही.

आपल्याच तालुक्यातला एक तरुण १९९५ च्या सुमारास नाशिकला कारखान्यात कामाला गेला. कामाला म्हणजे कंत्राटदाराकडे. त्या कंत्राटदाराच्या हजेरीपटावर त्याच्याच नावाचा आणि आडनावाचा आणखी एक माणूस आधीपासून होता. पगाराच्या दिवशी घोटाळा होऊ लागला. तेव्हा मुकादमाने विचारले, "तू कुठला?" हा म्हणाला, "चांदवडचा." मुकादमाने हजेरी कारकुनाला सांगितले, "याला चांदवडकर लावून टाका." झाले! त्या दिवसापासून तो चांदवडकर झाला. सोबतीही त्याला त्याच नावाने हाक मारू लागले. त्यालाही त्यात काही वावगे वाटले नाही. उलट गावाचे नाव आपल्याला चिकटले याचा थोडा अभिमानच वाटला असावा. अकरा वर्षे त्याने त्या नावाने काम केले, त्या नावाने अंगठ्याशेजारी सही केली, त्या नावाने त्याच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापले गेले. २००६ साली तो आजाराने वारला. त्याची बायको कागद घेऊन निधी मागायला गेली तेव्हा तिला सांगण्यात आले की, "पैसे जमा आहेत ते चांदवडकरांचे. तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर चांदवडकर हे नाव नाही. तुम्ही चांदवडकरांच्या कोण?"

बाई आमच्या कचेरीत आली. ती रडत नव्हती. तिने मला एवढेच विचारले, "भाऊ, माझा नवरा मेला का चांदवडकर मेला, ते तेवढं मला समजावून सांगा."

या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा कागदांनी दिले, ते पुढे सांगेन. पण माझ्या मनाला त्या प्रश्नाने जो चटका लावला त्यातूनच आजचे व्याख्यान निघाले आहे.

आता 'कर' या प्रत्ययाकडे वळू. आपल्या भाषेत गावाच्या नावाला 'कर' लावला की त्या गावचा माणूस तयार होतो. साताऱ्याचा तो सातारकर, वेंगुर्ल्याचा तो वेंगुर्लेकर. हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण यातली एक गंमत आपल्या ध्यानात येत नाही. ती अशी की, हे नाव माणसाला त्याच्या गावात मिळत नाही. चांदवडात सगळेच चांदवडचे. इथे कोणाला चांदवडकर म्हणून हाक मारली तर दहा माणसे वळून पाहतील, किंवा कोणीच वळणार नाही. चांदवडकर व्हायचे तर आधी चांदवड सोडावे लागते. नाशिकला, मुंबईला, निदान मनमाडपर्यंत तरी जावे लागते. तिथे कोणीतरी विचारावे लागते, "तू कुठला?" त्या प्रश्नाच्या उत्तरातून हे आडनाव जन्माला येते. म्हणजे 'कर' हा नुसता गावाचा शिक्का नाही, गाव सोडल्याची ती नोंद आहे.

कोणी म्हणेल, "पुण्यातले लोक पुण्यात राहूनच स्वतःला पुणेकर म्हणवतात, त्याचे काय?" ते खरे आहे. पण तो सगळ्या गावाचा मिळून एक अभिमान झाला, एका माणसाचे आडनाव नव्हे. दुसरे असे की, एखाद्या गावची पाटीलकी किंवा वतन असले म्हणजे घराणे तिथेच राहूनही त्या गावचे नाव लावी. तेवढा अपवाद धरून चाला. एरवी नियम हाच. फलटणचे निंबाळकर पाहा. ते मूळचे पवार. निंबळक गावावरून निंबाळकर झाले आणि राज्य केले ते फलटणला. गोव्यातल्या मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतले आणि त्यांच्या कन्येने ते जगभर नेले. मंगेशीत राहणाऱ्याला मंगेशीची आठवण नावात कशाला ठेवावी लागेल?

चलनाचेही असेच आहे. आपल्या गावात टाकसाळ होती हे आपण जाणताच. त्या टाकसाळीच्या रुपयाला 'चांदवडी' म्हणत. कोण म्हणत? चांदवडचा वाणी कशाला म्हणेल? त्याला तो नुसता रुपया. दुसऱ्या बाजारात, दुसऱ्या सराफाच्या कट्ट्यावर गेल्यावर तो 'चांदवडी' झाला. माणूस काय आणि रुपया काय, परगावी गेल्यावाचून त्याला गावाचे नाव लागत नाही.

आता ज्या आडनावाने आपल्या गावाची ओळख घडली त्याकडे येतो. रंगमहालाच्या दरवाजाखालून आपण लहानपणापासून ये-जा केली आहे. होळकरांचा वाडा म्हणून तो आपण पाहुण्यांना दाखवतो. पण होळकर म्हणजे कुठले, असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने नीरा नदी वाहते. तिच्या काठी होळ नावाचे गाव आहे. तिथे खंडूजी नावाच्या धनगराच्या घरी १६९३ साली मल्हारराव जन्मले. या घराण्याचे त्याआधीचे गाव खेड तालुक्यातले वाफगाव, असे सांगतात. मघाचा नियम इथे लावून पाहा. वाफगावाहून होळला आलेल्या कुटुंबाला होळचे लोक होळकर म्हणणार नाहीत, म्हणतील तर वाफगावकर म्हणतील. मग हे होळकर झाले केव्हा?

मल्हारी लहान असतानाच खंडूजी वारले. आई पोराला घेऊन भावाकडे गेली. हा भाऊ म्हणजे भोजराज बारगळ. तो खानदेशात तळोद्याला होता. नीरेकाठापासून तळोदा किती लांब! एक विधवा बाई, पदराखाली पोरके पोर आणि पुढे भावाचा आसरा. आमच्या धंद्यात अशी कुटुंबे रोज भेटतात. मामाच्या मेंढरांमागे हिंडणाऱ्या या पोराला तळोद्याच्या लोकांनी विचारले असेल, "हा कुठला?" आणि उत्तर मिळाले असेल, "होळचा." माझा तर्क असा की, होळकर हे नाव होळला जन्मलेच नाही. ते असेच कुठेतरी, होळपासून दूर जन्मले. तो तर्क म्हणूनच घ्या. पण 'कर' प्रत्ययाचा स्वभाव ज्याने पाहिला आहे त्याला तो पटेल.

यात आणखी एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. मेंढपाळ धनगर वर्षातले कित्येक महिने एका गावात नसतो. मेंढरे, घोडी, कोंबड्या, बायकापोरे घेऊन त्याचा तळ रानोरान फिरतो. आज या शेतात मेंढरे बसवली, उद्या त्या शेतात. त्या फिरत्या तळाला धनगर लोक 'वाडा' म्हणतात. आपण ज्याला वाडा म्हणतो तो दगडी, बुरुजांचा आणि हलता न येणारा. ज्यांचा वाडा रोज हलत असे त्यांच्यातल्याच एकाने असा वाडा बांधण्याइतके राज्य मिळवले, ही साधी गोष्ट नव्हे. आणि ज्यांना गाव असे नाहीच असे लोक मानतात, त्यांच्याच एका घराण्याने आपल्या लहानशा गावाचे नाव माळव्यापर्यंत नेले.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मल्हारराव मामाच्या पथकातून पेशव्यांच्या चाकरीत गेले, माळव्यात इंदूरचे राज्य उभे राहिले. १७६६ साली ते वारल्यानंतर अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत त्या राज्याला जे वळण दिले त्याने होळकर हे नाव घाटांवर, विहिरींवर आणि देवळांवर कोरले गेले. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई झाली. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यात आपले चांदवडही गेले. इंदूर संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले. राज्य गेले, पुढे १९७१ साली तनखेही गेले. आडनाव राहिले. राज्य खालसा करता येते, आडनाव खालसा करता येत नाही.

आता हे आडनाव आज कोणाकोणाचे आहे ते पाहू. इंदूरच्या राजघराण्याचे आहे, हे उघड. धनगर समाजातल्या अनेक घरांचे आहे. पण आपल्या शेजारच्या निफाड तालुक्यात, लासलगावच्या बाजूला जाल तर तिथे होळकर आडनावाची मराठा घराणी भेटतील. कांद्याच्या बाजारात माझी त्यांच्यातल्या कित्येकांशी गाठ पडते. हे सगळे एकाच वंशाचे काय? तसे मानण्याचे कारण नाही. होळ नावाचे गाव एकच नाही. नीरेच्या आसपास ते आहे, तसे बीड जिल्ह्यातही आहे. ज्या ज्या होळातून जो जो बाहेर पडला तो होळकर होऊ शकला. शिवाय दत्तक घेतलेल्या मुलाला घराण्याचे नाव मिळते, आणि इंदूरची गादी तर कित्येकदा दत्तकावरच चालली. एका आडनावाला एकच मूळ असते ही आपली समजूत भाबडी आहे. आडनाव हे वडाचे झाड आहे. पारंब्या इतक्या जमिनीला टेकतात की मूळ खोड कोणते ते सांगता येत नाही.

आणि ज्यांचे हे आडनाव नाही त्यांनीही ते मिरवले आहे. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. त्या संघातले मोठे खेळाडू कोण? सी. के. नायडू आणि मुश्ताक अली. एकही होळकर नव्हे! पण मैदानात उतरले की लोक म्हणत, "होळकर खेळताहेत." पुण्यात मुळेवर होळकर पूल आहे. त्यावरून रोज हजारो माणसे जातात आणि "होळकरावरून आलो" म्हणतात. नीरेकाठच्या एका खेड्याचे नाव कुठवर जाऊन पोचले पाहा.

इथपर्यंत मनोरंजन झाले. आता मला जे मुद्दाम सांगायचे आहे ते सांगतो.

आपल्याकडे दोन माणसे प्रथम भेटली की नाव विचारतात. नाव सांगितले की आडनाव विचारतात. आडनाव सांगितले की विचारतात, "म्हणजे कुठले?" हा "कुठले" गावाबद्दलचा नसतो. विचारणाऱ्याला जात हवी असते. कामगार वस्तीत खोली भाड्याने मिळताना हा प्रश्न येतो. डब्याच्या वेळी कोण कोणाशेजारी बसेल हे ठरताना येतो. संघटनेच्या निवडणुकीतही येतो, हे मी लाजेने कबूल करतो. आडनावावरून जात ओळखता येते असा आपल्या लोकांचा केवढा विश्वास!

तो विश्वास किती कच्चा आहे ते पाहा. अहिल्याबाई चौंडीच्या. त्यांचे माहेरचे आडनाव शिंदे. वडील माणकोजी शिंदे, जातीने धनगर. त्याच काळात उत्तर हिंदुस्थान गाजवणारे महादजी, तेही शिंदे. ते साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या मराठा घराण्यातले. आडनाव एक, जाती दोन, आणि दोघेही आपापल्या परीने थोर. बडोद्याचे गायकवाड महाराज मराठा. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात १९३० साली पुढे असलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले. आता सांगा, गायकवाड म्हणजे कुठले? आपल्या जिल्ह्यात पवार आडनाव मराठ्यांत आहे, भिल्लांत आहे, आणखीही जातींत आहे. आडनाव ऐकून ज्याला जात कळली असे वाटते त्याला बहुधा काहीच कळलेले नसते. त्याचा समज तेवढा पक्का होतो.

आणि आडनाव बदलूही शकते. रामजी सकपाळांच्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. मूळ गाव कोकणातले आंबडवे. त्या गावावरून आलेले नाव शाळेच्या दप्तरात आंबेडकर असे स्थिर झाले. हे नाव बापाकडून आले नाही, जातीकडून तर नाहीच. गावाच्या आठवणीने आणि शाळेच्या लेखणीने ते घडवले, आणि पुढे त्या मुलाने त्या नावाला जो अर्थ दिला तो कोणत्याही व्युत्पत्तिकोशात सापडायचा नाही.

ही गोष्ट केवळ आपलीच नाही. मी इंग्रजी फारसे शिकलो नाही, पण भाषांतरे वाचतो. इटली नावाच्या देशात आपल्यासारखीच आडनावांची रेलचेल आहे. मोठा चित्रकार लिओनार्दो, त्याला दा विंची म्हणतात, म्हणजे विंची गावचा. आपल्या भाषेत विंचीकरच म्हणा ना! मोटारीमुळे जगाला ठाऊक झालेले फेरारी हे आडनाव लोहारकामावरून आलेले. आपल्याकडे जसे लोहार, सुतार, सोनार. रॉस्सी म्हणजे तांबूस. तिकडे रॉस्सी, तर इकडे काळे, गोरे आणि पिंगळे. माणसे सगळीकडे सारखीच.

पण इटलीतले एक आडनाव वाचून मी थांबलो. एस्पोझितो. नेपल्स शहरात ते फार आढळते. त्याचा अर्थ 'उघड्यावर टाकलेला'. अनाथाश्रमाच्या दारात सोडून दिलेल्या तान्ह्या मुलांना हे आडनाव लावीत. मूल मोठे होई, काम करी, लग्न करी, नातवंडे होत, आणि त्या नातवंडांच्याही नावात 'टाकलेला' हा शब्द राही. पुढे ही प्रथा बंद पडली. पण एकदा चिकटलेली नावे तशीच राहिली. समाज एखाद्या पोराला नाव देताना काय करू शकतो त्याचा हा मासला.

आता दुसरा मासला पाहा. तो आपल्या मुंबईतला आहे आणि माझ्या मते जगात मिरवण्यासारखा आहे. गिरणगावात गंगाराम सुर्वे नावाच्या एका गिरणीकामगाराला रस्त्यावर टाकलेले तान्हे मूल सापडले. त्या गरीब माणसाने ते घरी नेले, वाढवले, आणि त्याला 'टाकलेला' असे नाव न देता आपले स्वतःचे नाव दिले. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. आपल्या चळवळीतल्या माणसांना ते कोण हे सांगायला नको. नेपल्सच्या दारात आणि गिरणगावच्या चाळीत फरक काय, तर एकाने मुलाच्या दुर्दैवाला आडनाव केले आणि दुसऱ्याने आपले आडनाव त्याच्या दुर्दैवावर पांघरले. त्या गिरणीकामगाराकडे देण्यासारखे दुसरे काय होते? जमीन नव्हती, पैसा नव्हता. आडनाव होते, ते त्याने दिले.

नाव देणारा कोण, यावर असे सारे अवलंबून असते. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांत आपले कोकणातले मराठी लोकही होते. तिथल्या गोऱ्या कारकुनाने ज्याचे नाव जसे कानावर पडले तसे लिहिले, आणि आजोबाचे नुसते नावच पुढे नातवंडांचे आडनाव होऊन बसले. तुर्कस्तानात १९३४ साली कायदा करून सगळ्यांना आडनाव घ्यायला लावले. म्हणजे कधी मुकादम नाव देतो, कधी मास्तर, कधी सरकार. ज्याचे नाव असते त्याला मात्र क्वचितच कोणी विचारते.

आता मी परत त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो.

चांदवडकर मेला की तिचा नवरा मेला? कागदाच्या दृष्टीने ती दोन माणसे होती आणि आम्हाला ती एक करायची होती. आम्ही त्याच्या शाळा सोडल्याचा दाखला काढला. ग्रामपंचायतीचा दाखला घेतला. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव होते, तो उतारा घेतला. पण हे सगळे दाखले खऱ्या आडनावाचे. चांदवडकर म्हणजे हाच, हे त्यातल्या कशावरूनच सिद्ध होईना. ते सिद्ध केले त्याच्याबरोबर काम केलेल्या सात कामगारांनी. एक दिवसाचा पगार बुडवून ते आले आणि त्यांनी शपथेवर लिहून दिले की, आमच्या शेजारी अकरा वर्षे जो उभा होता तो हा माणूस. त्या सातांत एक जण तोच होता, ज्याच्याशी नाव जुळल्यामुळे हा सगळा घोटाळा झाला! कंत्राटदाराने सही द्यायला टाळाटाळ केली. त्याच्या दारात आम्ही दोनदा बसलो तेव्हा ती सही मिळाली. अठरा महिन्यांनी पैसे आले. पुष्कळ नव्हते. थोरल्या मुलीचे शिक्षण थांबले होते, ते त्या पैशांतून पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर आधारचा जमाना आला. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. ज्या तळोद्याला पोरक्या मल्हारीने मेंढरे राखली ते तळोदाही आज त्याच जिल्ह्यात आहे, हा एक योगायोग. लोकांना वाटले की आता नावांचे घोटाळे संपतील. काही संपले, काही नव्याने सुरू झाले. आता माणसाऐवजी यंत्र विचारते, "तू कुठला?" आणि एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी यंत्र म्हणते, "हा तो नव्हे." आमच्या कचेरीत आजही महिन्याकाठी अशी प्रकरणे येतात. कुणाच्या निधीच्या खात्यात बापाचे नाव आडनावाच्या जागी गेले आहे, कुणा बाईचे माहेरचे आडनाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर आहे. बायकांचे हाल यात अधिक. पुरुषाला एक आडनाव सांभाळताना पुरेवाट होते, बाईला दोन सांभाळावी लागतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली निर्णय केला की, १ मे २०२४ ला वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव अशी नोंद व्हावी. मला तो निर्णय आवडला. मल्हारीला घेऊन तळोद्यापर्यंत गेलेल्या त्या आईचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

या सभेत तरुण मंडळी बरीच आहेत. तुमच्यातले कित्येक जण उद्या नाशिकला, पुण्याला, आखाती देशांत जातील. आग्रा रस्ता आपल्या दारातूनच जातो, तो कोणाला अडवीत नाही. जा, जरूर जा. तुम्हालाही तिथे कोणी विचारील, "कुठले?" अभिमानाने सांगा, चांदवडचे. पण पुढे दोन गोष्टी करा. पहिली, तुमचे नाव कागदावर कसे लिहिले गेले ते स्वतः वाचून पाहा. हजेरीपटावर, पगारपत्रकावर, निधीच्या खात्यात. चुकले असेल तर त्याच दिवशी बोला, अकरा वर्षे थांबू नका. दुसरी, तुमच्या गावी किंवा तुमच्या पाळीत परका माणूस येईल तेव्हा त्याला "कुठले" असे विचाराल ते गाव कळण्यापुरतेच विचारा. त्याच्या आडनावाची साल काढून आत जात आहे का ते पाहू नका.

मल्हाररावाला होळचे नाव मिळाले आणि त्या नावाने राज्य झाले. आमच्या सोबत्याला चांदवडचे नाव मिळाले आणि त्या नावाने त्याच्या घरचे हक्काचे पैसे अडले. दोघांनीही गाव सोडले होते, दोघांनाही परक्या लोकांनी नाव दिले होते. एकाच्या पाठीशी तलवार होती, म्हणून त्याचे नाव त्याच्या मालकीचे झाले. दुसऱ्याच्या पाठीशी तलवार नव्हती. त्याच्या पाठीशी सात माणसे होती, एक दिवसाचा पगार बुडवणारी. आमच्या लेखी ते पुरेसे झाले.